भूपेनदांची गंगा मुळात गंगा नव्हती

समारंभात दीपप्रज्वलन चालू असताना भूपेन हजारिकांचं 'गंगा बहती हो क्यूँ' लावायची एक पद्धत पडून गेली आहे. बडाखान्याच्या आधी, शाळेच्या स्नेहसंमेलनात, स्वच्छता मोहिमेच्या उद्घाटनाला. मागं पडद्यावर आरतीच्या ज्योती, पुढं पाहुणे हात जोडून उभे. नदीचं नाव आहे, आवाज भारदस्त आहे, कोरस देवळात घुमावा तसा घुमतो. म्हणजे स्तोत्रच असणार, असं सगळे धरून चालतात. ते गाणं एकदा नीट ऐका. त्यात गंगेची स्तुती औषधालाही नाही. तिला खडसावलेलं आहे. काठावरची माणसं उपाशी, अडाणी, पिचलेली असताना तुला वाहवतं तरी कसं, असा उघड जाब विचारलेला आहे. लेकी बोले सुने लागे हे मराठी माणसाला शिकवायला नको. बोल नदीला लावलाय, पण लागायला हवा हात जोडून उभ्या असलेल्या पाहुण्यांना, आणि ते डोळे मिटून माना डोलावत असतात.

८ सप्टेंबर १९२६ हा भूपेनदांचा जन्मदिवस. शताब्दीच्या निमित्तानं ठिकठिकाणी कार्यक्रम होणार, हे गाणं आणखी शंभर वेळा आरतीसारखं वाजणार. म्हणून माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो. या माणसाची गाणी गोड आहेत यात वाद नाही. पण ती माणसाला आतून हलवतात ती गोडव्यामुळं नाही, त्यांत विचारलेल्या प्रश्नामुळं. आसामातून खाली उतरून आपल्यापर्यंत येता येता तो प्रश्न वाटेत गळून पडतो आणि आपल्या हातात नुसती चाल उरते.

माझी सगळी नोकरी सिग्नलमध्ये गेली. कान हेच आमचं पोट. ईशान्येत तीन पोस्टिंग झाली: पहिलं खालच्या आसामात, दुसरं वर कामेंगच्या डोंगरात, तिसरं अगदी पूर्वेला दिंजानच्या बाजूला. सेटवरची ड्यूटी संपली की दुसरा रेडिओ लागायचा. आकाशवाणी गुवाहाटी नाहीतर कॅसेट. त्या तिन्ही ठिकाणी भूपेनदांपासून सुटका नव्हती. चहाच्या टपरीवर, ट्रकमध्ये, पूजेच्या मांडवात, लग्नात. आपल्याकडे लताबाईंचा आवाज जसा हवेतच असतो तसा तिकडे त्यांचा. फरक एवढाच की लताबाईंची गाणी दुसऱ्यांनी लिहिली, दुसऱ्यांनी बांधली. हा माणूस स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा आणि स्वतः पेटी पुढ्यात घेऊन, डोक्यावर नेपाळी टोपी ठेवून गायचा. त्या टोपीमुळं आमच्यातल्या गोरखा जवानांना तो आपलाच वाटायचा, ही एक गंमत.

त्या नदीच्या गाण्याची जन्मकथा मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण सगळं त्यात आहे.

भूपेनदांनी काशी हिंदू विद्यापीठातून एम. ए. केलं आणि १९४९ साली ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९५२ साली डॉक्टरेट मिळवली. विषय काय, तर प्रौढ शिक्षणात दृक्-श्राव्य साधनांचा वापर. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत डोळ्यांवाटे आणि कानांवाटे कसं पोचायचं, हा या माणसाच्या अभ्यासाचाच विषय होता. त्याच शहरात त्यांची गाठ पॉल रोबसनशी पडली. रोबसन म्हणजे अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक आणि नट, खर्जातला आवाज, काळ्यांच्या हक्कांसाठी उघड बोलणारा. इतका उघड की अमेरिकन सरकारनं १९५० साली त्याचा पासपोर्टच काढून घेतला आणि पुढची आठ वर्षं त्याला देशाबाहेर पडू दिलं नाही.

रोबसनचं गाजलेलं गाणं 'ओल् मॅन रिव्हर'. मुळात ते १९२७ सालच्या 'शो बोट' या संगीत नाटकातलं. संगीत जेरोम कर्नचं, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे, दोघंही गोरे. त्यात मिसिसिपीच्या धक्क्यावर गाठोडी वाहणारा काळा मजूर आहे. तो घाम गाळतो, थकतो, आणि म्हातारी नदी कशाचीच पर्वा न करता आपली वाहत राहते. मूळ गाण्यातला मजूर शेवटी हार मानतो. रोबसननं पुढं पुढं गाताना त्या ओळी बदलल्या. त्याचा मजूर रडत बसत नाही, झगडत राहतो. गाणं तेच, चाल तीच, पण चार शब्द बदलल्यावर माणूस ताठ उभा राहिला.

भूपेनदांनी ते ऐकलं आणि घरी परत येऊन स्वतःच्या नदीकडे पाहिलं. ही नदी गंगा नव्हती. आसामी माणूस ब्रह्मपुत्रेला लुइत म्हणतो, आणि मूळ आसामी 'बिस्तीर्ण पारोरे' मध्ये प्रश्न विचारलाय तो या म्हाताऱ्या लुइतला. मिसिसिपीच्या गाण्यात नदी बेपर्वा आहे एवढं सांगितलं होतं. रोबसननं त्यातला माणूस बदलला. भूपेनदांनी आणखी एक पाऊल पुढं टाकून थेट नदीलाच धारेवर धरलं. मग बंगाली झालं, पंडित नरेंद्र शर्मांनी हिंदी केलं, आणि लुइतच्या जागी गंगा आली. यात फसवणूक काही नाही. ज्या भाषेत गायचं तिथली नदी घ्यायची, हे बरोबरच. पण गंगा आली की तिच्यामागोमाग घाट आला, आरती आली, पुण्य आलं. लुइतला कुणी असं हात जोडून ऐकत नाही. जी नदी दर पावसाळ्यात शेत गिळते, घर गिळते, अख्खं गाव गिळते, तिच्याशी माणसाचं नातं भक्तीचं असलं तरी भांडणाचंही असतं. माजुलीच्या बाजूचा शेतकरी ते गाणं ऐकतो तेव्हा त्याला प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या डिटॅचमेंटमध्ये नलबाडीचा एक नायक होता. आसामी मी जेवढं शिकलो ते त्याच्याकडून. त्याचा एक नियम होता: गाणं वाजत असताना अर्थ सांगायचा नाही. आधी पुरतं ऐकायचं, मग तो सांगणार. आमची पहिली आसाम पोस्टिंग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, 'बजरंग' आणि 'ऱ्हायनो' या ऑपरेशन्सचा काळ. ज्यांनी तो काळ तिथं काढलाय त्यांना वेगळं सांगायची गरज नाही. इतरांसाठी एवढंच, की आपल्याच देशातल्या गावात शिरताना माणसं दारं लावून घेतात, आणि ती का लावतात हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

अशाच एका गावात संध्याकाळी इन्फन्ट्रीच्या कॉर्डनबरोबर आम्ही सेट घेऊन गेलो होतो. रस्त्याच्या कडेला एका घरात रेडिओवर भूपेनदा चालू होते. आमचे बूट ऐकू आले तसा रेडिओ बंद झाला. घरमालक शाळामास्तर असावेत, पडवीत पुस्तकं होती. आमचा नायक कुंपणापाशी गेला आणि आसामीत म्हणाला, "बंद कशाला करता, राहू द्या की, आम्हीही ऐकतो." मास्तर आत गेले. रेडिओ पुन्हा लागला, पण बातम्यांवर.

त्या रात्री नायक फारसा बोलला नाही. मी त्यावर बराच विचार केलेला आहे. ते गाणं आमच्यासाठी विरंगुळा होतं. मास्तरांसाठी घरातली गोष्ट होती, आणि घरातली गोष्ट बंदूकवाल्यासमोर मांडायची नसते. 'हार्ट्स अँड माइंड्स'वर आम्हाला व्याख्यानं पुष्कळ झाली. गावात व्हॉलीबॉलचं नेट लावा, औषधं वाटा, स्थानिक गाणी लावा. नेट आणि औषधं ठीक आहेत. पण लोकांचं गाणं लाउडस्पीकरवर लावून लोक जिंकता येत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते गाणं काय विचारतंय हे वर्दीतल्या माणसाला आधी समजलेलं असलं पाहिजे. निदान आपण ऐकतोय ते स्तोत्र नाही, तक्रार आहे, एवढं तरी.

गाण्यानं खरोखर काय होऊ शकतं याचं उदाहरणही आसामातच आहे, आणि ते आपल्याकडे कुणाला माहीत नसतं. १९६० साली भाषेच्या प्रश्नावरून आसामी आणि बंगाली लोकांत दंगली पेटल्या. घरं जळत होती. तेव्हा भूपेन हजारिका आणि हेमांग बिश्वास, एक आसामी आणि एक बंगाली, कलावंतांचं पथक घेऊन गावोगाव फिरले. दोघांनी मिळून 'हाराधन-रंगमन'ची कथा गायली. हाराधन बंगाली, रंगमन आसामी, दोघंही गरीब आणि दोघंही लुटले गेलेले. दोन भाषा एकाच गाण्यात, दोन गायक एकाच मंचावर. दंगलग्रस्त भागात जाऊन हे गाणं सोपं नव्हे. फ्लॅग मार्च करून आपण रस्ता शांत करू शकतो, हे मी अनुभवानं सांगतो. रस्त्याकडेच्या घरात काय चाललंय ते फ्लॅग मार्चला कळत नाही.

हे दोघंही इप्टाच्या मुशीतले. इप्टा म्हटलं की मराठी वाचकाला आपले शाहीर आठवायला हवेत. इप्टाची स्थापनाच मुंबईत, १९४३ साली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर हे त्याच वाऱ्यातले. आणि इथं एक गोष्ट लक्षात येते. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड आपल्या मराठी पोरांत बराकीत हमखास गायली जायची. गावाकडं राहिलेल्या बायकोची आठवण, मुंबईत आलेला गडी. सैनिकाला ती लागणारच, सुट्टी नामंजूर झालेल्या संध्याकाळी तर फारच. पण ती छक्कड बायकोपाशी थांबत नाही. पुढं जाऊन ती संयुक्त महाराष्ट्राची होते, सीमेवर राहून गेलेल्या बेळगाव-कारवारची होते. तो पुढचा भाग आमच्यात कुणालाच पाठ नव्हता. विरह तेवढा गायचा आणि मुद्द्याशी आलं की थांबायचं! तेव्हा गंगेच्या बाबतीत फक्त हिंदीवाल्यांना नावं ठेवायला नकोत.

'डोला हे डोला' हे दुसरं गाणं. यात पालखी वाहणारे भोई आहेत. आत रेशमी कपड्यातले राजे-महाराजे, बाहेर घामानं निथळणारे खांदे. ताल पावलांचा आहे. चढ आला की श्वास जड होतो हे आवाजातून ऐकू येतं. मराठी कानाची इथं एक पंचाईत होते. पालखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आषाढ उभा राहतो. ज्ञानोबा-तुकोबांची पालखी, तिला खांदा द्यायला मिळणं म्हणजे भाग्य. ओझं आहे हेच आपण विसरून गेलोय. भूपेनदांच्या पालखीत देव नाही, माणूस आहे. आणि माणसानं माणसाला का वाहायचं, हा तिथला प्रश्न आहे.

कामेंगच्या पोस्टिंगला हे गाणं आमच्या लाइन पार्टीचं आवडतं होतं. तेंगा, बोमडिला ओलांडून सेलाच्या पुढं गेलात की उंची म्हणजे काय ते पायांना कळतं. सेला खिंड चौदा हजार फुटांच्या आसपास. केबल टाकायला जायचं म्हणजे ड्रम, बॅटऱ्या, दोर, तंबू, रॉकेल. पाठीवर ओझं घेऊन चढताना पोरं हेच गाणं म्हणायची आणि स्वतःला भोई समजायची. खाली दिल्लीत बसलेले पालखीत, आम्ही खांद्यावर, अशी चेष्टाही चालायची. एकदा असं जोरात चाललं असताना नलबाडीचा नायक थांबला आणि मागं बोट दाखवून म्हणाला, "गाणं त्यांचं आहे." मागून पोर्टर येत होते. आमच्या पाठीवर आमचा पिट्ठू होता. त्यांच्या पाठीवर आमचं रॉकेल, आमच्या बॅटऱ्या, आमचा आटा, आणि पायांत कॅनव्हासचे बूट, काहींच्या पायांत तेही फाटके. पोरं गप्प झाली. अर्ध्या तासानं कुणीतरी पुन्हा सुरू केलं, पण दुसरं काहीतरी, सिनेमातलं.

माजी सैनिकांपैकी ज्यांनी उंचावरच्या पोस्ट पाहिल्या आहेत त्यांना पोर्टर म्हणजे काय ते माहीत आहे. आपल्या शौर्यकथांत तो येत नाही. त्याला पदक नाही, पेन्शन नाही, लढाईच्या चित्रांत तो कुठंतरी मागं धूसर असतो. एका गायकानं त्याच्यासारख्याच्या खांद्यावर गाणं केलं.

याच कामेंगमध्ये १९६२ घडलं. त्या पराभवातून दोन गाणी निघाली, आणि ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एक साऱ्या देशाला माहीत आहे. प्रदीपजींचे शब्द, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची चाल, लताबाईंचा आवाज. २७ जानेवारी १९६३, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, पंतप्रधानांच्या डोळ्यांत पाणी. 'ऐ मेरे वतन के लोगो' ऐकताना माझ्याही घशात आवंढा येतो, दर वेळी येतो, त्याबद्दल दुमत नाही. पण ते गाणं कुणाला उद्देशून आहे? नावातच आहे: लोकांना. तुम्ही रडा, आठवण ठेवा, असं मागं राहिलेल्यांना सांगणारं. दुसरं गाणं भूपेनदांचं, 'कत जोवानर मृत्यु हल'. लढाई ज्या भूमीच्या अंगणात झाली तिथल्या माणसानं केलेलं. किती तरणी पोरं गेली, ही ती हळहळ आहे.

तिथल्या माणसाला त्या वर्षाची एक वेगळी जखमही आहे. नोव्हेंबरात बोमडिला पडल्यावर तेजपूर रिकामं करण्यात आलं, आणि पंतप्रधानांनी रेडिओवरून आसामच्या जनतेबद्दल सहानुभूती व्यक्त केली. ते भाषण आसामात निरोपाचं भाषण म्हणून ऐकलं गेलं. आम्हाला सोडून दिलं, असं. साठ वर्षं होऊन गेली तरी जुनी माणसं तो दिवस विसरलेली नाहीत. तेजपूर हे तर भूपेनदांच्या घडणीचं गाव. ज्योतिप्रसाद आगरवाला आणि विष्णुप्रसाद राभा हे त्यांचे दोन गुरू त्यांना तिथंच भेटले. १९३९ सालच्या 'इंद्रमालती' या ज्योतिप्रसादांच्या चित्रपटात त्यांनी लहानपणी काम केलं आणि गायलंही. अशा मुलखातल्या माणसाला जवानांवर रागावून गाणं करता आलं असतं, गप्प बसता आलं असतं. त्यानं जवानांसाठी शोक केला. 'ऐ मेरे वतन' आमच्या प्रत्येक कार्यक्रमात असतं. हे दुसरं गाणं ईशान्येतल्या किती युनिटांनी कधी वाजवलं असेल? माझ्या ऐकण्यात तर एकदाही नाही.

आता 'दिल हूम हूम करे'. याच्याशिवाय मराठी वाचक मला सोडणार नाहीत, आणि माझीही तयारी नाही. १९९३ सालचा 'रुदाली', शब्द गुलजारांचे, लताबाईंनी गायलं आणि स्वतः भूपेनदांनीही. ऐकलं की छातीत खरंच काहीतरी होतं. आपण ते विरहाचं म्हणून ऐकतो, आणि 'रुदाली'त ते तसं बसतंही. पण ही चाल त्याआधी तीस वर्षं आसामात होती. 'मणिराम देवान' नावाच्या आसामी चित्रपटात. मणिराम देवान म्हणजे चहाची लागवड करणारा पहिला हिंदी माणूस. १८५७च्या उठावात कट केल्याबद्दल इंग्रजांनी फेब्रुवारी १८५८ मध्ये त्याला जोरहाटला फाशी दिलं. त्या चित्रपटातलं हे गाणं. तिथं छातीतली धडधड सांगितलीय ती प्रियकराला नाही, आईला. आणि आसामीत आईला शब्द कोणता? 'आइ'. आपलाच.

पहिल्यांदा हे मूळ गाणं नायकानं ऐकवलं तेव्हा तो शब्द आला आणि आम्ही दोघं-तिघं मराठी पोरं एकदम सरळ होऊन बसलो. बाकी काही कळत नव्हतं, पण तो एक शब्द दोन हजार किलोमीटरवर, रात्री, सेटच्या खोलीत, कुणीतरी आपल्या घरातून आणून ठेवल्यासारखा. नायकाच्या नियमाप्रमाणे अर्थ नंतर कळला. गरज फारशी उरली नव्हती. हिंदीत तो शब्द नाही. गुलजारांनी केलं ते मोठं काम आहे, त्याला मी काय नावं ठेवणार. पण आसामीतली ती हाक मराठी माणसाला जितकी लागेल तितकी दिल्लीवाल्याला लागणार नाही. या एका गाण्यापुरता तरी आपण अनुवादावर थांबण्यात अर्थ नाही.

लताबाईंचा आणि त्यांचा संबंध 'रुदाली'च्या कितीतरी आधीचा. भूपेनदांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या आसामी चित्रपटात, १९५६ सालच्या 'एरा बाटर सुर' मध्ये, लताबाई आसामीत गायल्या आहेत. सांगलीच्या मुलीचे आसामी उच्चार कसे आहेत ते नलबाडीच्या माणसाकडून मी वदवून घेतलं आहे. पास.

काही वाचक म्हणतील, सुभेदारसाहेब, तुम्ही या माणसाला फार वर चढवताय. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. १९६७ साली भूपेनदा अपक्ष म्हणून आसाम विधानसभेवर निवडून आले होते. २००४ साली ते गुवाहाटीतून लोकसभेला भाजपतर्फे उभे राहिले, आणि हरले. ज्यांची गाणी ऐकून शहर रडतं त्यांनाच शहरानं पाडलं. त्यांच्या उमेदवारीवर नाराज असलेली, वर्षभर त्यांच्या कॅसेटला हात न लावलेली माणसं मला भेटलेली आहेत. मला यात श्रोत्यांचा कृतघ्नपणा दिसत नाही. ज्यानं आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारायला शिकवलं, त्याला लोकांनी एकदा प्रश्न विचारला, इतकंच. गाणं कानात बसतं म्हणून मत खिशात येत नाही. हे सगळ्याच लोकप्रिय माणसांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि त्याच गुवाहाटीनं सात वर्षांनी काय केलं तेही मी पाहिलं. ५ नोव्हेंबर २०११ ला भूपेनदा मुंबईत गेले. मी तेव्हा रजेवरून परतत होतो आणि गुवाहाटीच्या ट्रान्झिट कॅम्पात अडकलो होतो. पार्थिव जजेस फील्डवर ठेवलं होतं. गर्दी इतकी की अंत्यविधी एक दिवस पुढं ढकलावा लागला. ९ तारखेला जालुकबारीला झाला. मी रांगेत चार तास उभा होतो. माझ्यापुढं चहाच्या मळ्यातल्या बायका, मागं कॉलेजची पोरं, एक टोपीवाले म्हातारे मौलवी, एक नागा कुटुंब. रांगेत गाणं चालू होतं. एकानं धरायचं, पुढच्यांनी उचलायचं, शंभर-दोनशे माणसांपर्यंत जाऊन ते विरायचं, मग मागून दुसरं यायचं. रडारड कमी होती. 'मानुहे मानुहर बाबे' बऱ्याच वेळा आलं; माणसानं माणसासाठी विचार करायचा नाही तर कुणी करायचा, असं विचारणारं ते गाणं. मी साध्या कपड्यांत होतो, पण केस कापलेले आणि उभं राहण्याची ढब. फौजी लपत नाही. बाजूच्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, कुठला? म्हटलं, महाराष्ट्र. ती म्हणाली, मुंबईत गेला ना तो, तुमच्याकडे. मग जरा वेळानं, "तुम्ही नीट सांभाळलं ना त्याला?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शताब्दीला कार्यक्रम करणाऱ्यांना माझं मागणं थोडं आहे. 'गंगा' जरूर लावा, पण दिवा लावताना नको. लोक खाली बसलेत, चहा झालाय, अशा वेळी लावा, आणि आधी दोन वाक्यांत सांगा की हे नदीशी भांडण आहे. त्यानंतर आसामी लुइत ऐकवा. 'डोला' लावणार असाल तर पोर्टरांना बोलवा, पहिल्या रांगेत बसवा. युनिटमध्ये आसामी जवान असेल, असतोच, तर बोलायचं काम त्याला द्या, बाहेरून निवेदिका आणू नका. मराठी मंडळांनी 'बुकु हम हम करे' मूळ लावावं आणि भाषांतर वाचून दाखवू नये.

राहता राहिलं दिंजान. भूपेनदांचा जन्म सादियाचा. जुनं सादिया १९५०च्या भूकंपानंतर नदीनं गिळलं. मी तिथं होतो तेव्हा ढोला ते सादिया फेरीनं जावं लागायचं. आधी रांग, मग फळ्यांवरून गाडी चढवायची, मग पाणी असेल तसं तास, दीड तास; पाऊस जास्त झाला तर त्या दिवशी फेरीच नाही. फेरीवाल्याकडं एक मोडका टेप होता आणि त्याच्यावर कोण लागायचं ते सांगायला नको. २६ मे २०१७ पासून तिथं पूल आहे, ९.१५ किलोमीटर लांब, साठ टनांचा रणगाडा जाईल इतका मजबूत, आणि पालखीच्या भोयांवर गाणं करणाऱ्या माणसाचं नाव त्याला दिलंय: भूपेन हजारिका सेतू. अजून दिंजानला असलेल्या एका जुन्या सोबत्याला फोनवर विचारलं, पलीकडे जायला किती वेळ लागतो. म्हणाला, पंधरा मिनिटंसुद्धा नाही, साहेब. दोन गाणी होतात, तिसरं अर्धं राहतं.